वरचा दिवा खरंच लागलाय का, हे खालच्या बोर्डाला कसं कळणार?

लालबागच्या एका चार मजली इमारतीच्या कमिटीतल्या ताईंचा प्रश्न आहे. गच्चीच्या दाराशी असलेला दिवा टू-वे स्विचवर चालतो. एक स्विच तळमजल्यावर जिन्याखाली, दुसरा वर दाराजवळ. खालून दिवा दिसत नाही आणि स्विचचं बटण वर आहे की खाली यावरून काही कळत नाही. टाकी बघायला कोणी तरी वर जातं, दिवा रात्रभर जळत राहतो. कधी वॉचमन 'बंद करतो' म्हणून बटण दाबतो आणि उलट चालू करून ठेवतो. शिवाय रात्री वर कोणी आहे का, हे त्याला खालूनच कळायला हवंय. खालच्या बोर्डात न्यूट्रल नाही. वायरमन म्हणतो, नवी वायर ओढायची तर जिन्याची भिंत फोडावी लागेल. ताई विचारतात, दिव्याच्याच करंटवर पेटणारा एखादा छोटा लाल इंडिकेटर खाली बसवता येईल का?

येईल, ताई. आणि तुमच्या बाबतीत तोच बरा, कारण तुम्हाला जे कळायला हवंय ते दुसऱ्या कुठल्याही इंडिकेटरला कळत नाही.

आपल्याकडच्या बोर्डावर प्लगशेजारी जो लाल निऑन असतो, तो व्होल्टेजवर चालतो. त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात आणि तो सांगतो एवढंच की इथपर्यंत लाईट आली आहे. पुढे बल्ब उडालाय, होल्डर सैल आहे, वायर उंदराने खाल्ली आहे, यातलं काही त्याला माहीत नसतं. दिवा खरंच जळतोय की नाही हे फक्त करंटला ठाऊक. दिव्यातून जेवढा करंट जातो तेवढाच खालच्या स्विचमधूनही जातो, चार मजले मध्ये असले तरी. म्हणजे साक्षीदार तुमच्या बोर्डात आधीपासून हजर आहे, त्याला फक्त विचारायचं आहे.

करंटला विचारायची ही पद्धत नवी नाही. जुनी ऑटोमॅटिक इस्त्री कधी उघडून पाहिली आहे का? मी शिकाऊ असताना परळला उस्तादांच्या दुकानात दिवसाला चार-पाच तरी उघडायचो. तिच्या हँडलखालच्या लाल काचेमागे टॉर्चचा बल्ब असतो, अडीच व्होल्टचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला प्रश्न पडला होता की २३० व्होल्टच्या इस्त्रीत अडीच व्होल्टचा बल्ब जगतो कसा. एलिमेंटच्या सिरीजमध्ये नायक्रोमचा एक बोटभर तुकडा असतो आणि बल्ब त्या तुकड्याच्या दोन टोकांना जोडलेला असतो. ७५० वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते. तुकडा पाऊण ओहमचा असला की त्याच्यावर अडीच व्होल्ट पडतात, बल्बाला तेवढे पुरतात. थर्मोस्टॅटने करंट तोडला की बल्ब विझतो. बल्ब उडाला तरी इस्त्री तापत राहते, कारण करंटचा मुख्य रस्ता तुकड्यातून आहे. तुम्हाला जिन्याखाली हवाय तो इंडिकेटर नेमका हाच, फक्त तुमच्या दिव्याचा करंट इस्त्रीच्या मानाने फार कमी आहे.

हा शेवटचा मुद्दा मी एकदा विसरलो होतो. १९८६-८७ची गोष्ट. गिरगावातल्या एका चाळीत गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास, त्याचा दिवा जिन्याजवळच्या स्विचवर. चाळकऱ्यांना इंडिकेटर हवा होता. मी हुशारी केली. ६० वॅटचा बल्ब साधारण ०.२६ अँपिअर घेतो, टॉर्चचा बल्ब ०.३ अँपिअरचा मिळतो, मग दिला सरळ सिरीजमध्ये लावून. सुंदर पेटला. आठवडाभरात चाळ अंधारात. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम फिलामेंटच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याएवढाच असतो, त्यामुळे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंटचा दणका बसतो. तो दणका खाऊन खाऊन टॉर्चचा बल्ब उडाला, आणि तो सिरीजमध्ये होता म्हणून मोठा दिवाही गेला. उस्ताद बल्ब हातात धरून म्हणाले, "अरे, शेपूट तुटलं म्हणून माकड मेलेलं पाहिलंयस कधी?" शिवाय उडालेल्या त्या एवढ्याशा बल्बाच्या दोन टोकांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे होते, आणि तो बसवला होता पितळी होल्डरमध्ये, पोरांच्या हाताच्या उंचीवर. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तर आता तुमचं काम. टॉर्चच्या बल्बाऐवजी लाल एलईडी आणि नायक्रोमच्या तुकड्याऐवजी डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट. डायोडचा गुण असा की त्यातून करंट कमी जावो की जास्त, त्याच्यावर पडणारं व्होल्टेज फारसं हलत नाही, ०.७ ते १ व्होल्टच्या आसपास राहतं. नायक्रोमचं तसं नाही. ६० वॅटला बेतलेला तुकडा ९ वॅटच्या एलईडी बल्बावर काहीच दाखवणार नाही. डायोड दोन्हीकडे चालतात. उद्या कोणी बल्ब बदलला तर तुम्हाला पुन्हा बोर्ड उघडायला नको.

तीन डायोड एकामागे एक, एकाच दिशेने जोडा. प्रत्येकाच्या अंगावर एका टोकाला पांढरी पट्टी असते, ती सगळ्यांची एकाच बाजूला आली पाहिजे. चौथा डायोड या तिघांच्या पॅरललमध्ये, पण पट्टी उलट बाजूला. एसी करंट सेकंदाला ५० वेळा येतो-जातो. येताना तिघांतून येतो, जाताना एकट्यातून जातो. येताना तिघांवर मिळून दोन-सव्वादोन व्होल्ट पडतात, लाल एलईडीला १.८ ते २ व्होल्ट पुरतात. एलईडीच्या एका पायाला ४७ ओहमचा रेझिस्टर जोडून ही जोडी तिघांच्या दोन टोकांना लावा. एलईडीचा लांब पाय त्या टोकाला, जिथे पट्टी नाही. उलट्या फेरीत एलईडीवर फक्त एका डायोडचं व्होल्टेज येतं. एलईडीला उलटे पाच व्होल्ट सहन होतात, म्हणजे त्याचीही काळजी नाही.

एलईडी लालच घ्या. निळा किंवा पांढरा तीन व्होल्टच्या आसपास मागतो, त्याला तीन डायोड पुरत नाहीत. हिरव्यात जुन्या पद्धतीचे दोन-सव्वादोन व्होल्टवर पेटतात, नवे भडक हिरवे पेटत नाहीत, आणि दुकानात दोन्ही एकाच डबीत असतात. लॅमिंग्टन रोडला मागताना 'हाय ब्राइट लाल' म्हणा. तो एक-दोन मिलिअँपिअरमध्येही चांगला दिसतो. ९ वॅटचा बल्ब एकूण ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, तेव्हा असाच एलईडी हवा.

डायोड कोणता? या कामाला सगळेजण १एन४००७ सुचवतात. १ अँपिअरचा आहे, ९ वॅट काय, १०० वॅटलाही पुरेल, स्वस्त आहे. मी लावत नाही. कारण रोजचा करंट नाही, एखाद्या दिवशीचा शॉर्ट आहे. पिवळा बल्ब उडताना कधी कधी आत ठिणगी धरते आणि क्षणभर जवळजवळ शॉर्टच होतो. पावसाळ्यात गच्चीच्या होल्डरमध्ये पाणी गेलं तरी तेच. ६ अँपिअरचा एमसीबी अशा वेळी पडतो खरा, पण पडेपर्यंत बऱ्याच अँपिअरचा झटका डायोडमधून गेलेला असतो. १एन४००७ एका अर्ध्या फेरीपुरता ३० अँपिअर सोसतो. ६ए१० नावाचा, हरभऱ्याहून मोठा, काळा जाड डायोड ४०० सोसतो आणि लोहार चाळीच्या मागच्या गल्ल्यांतही मिळतो. चार डायोडमागे थोडे पैसे जास्त जातील. १एन५४०८ मधला मार्ग आहे, २०० सोसतो, तोही चालेल. डायोड मेला तर बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे दिवा चालू राहतो आणि इंडिकेटर मुका होतो. पण झटका मोठा असला तर फुटून उघडाही पडतो आणि मग गिरगावातल्यासारखा दिवाच जातो. तो प्रसंग येऊ नये म्हणून जाड डायोड.

कोणी विचारेल, प्रत्येकावर जेमतेम दोन व्होल्ट येतात तर १००० व्होल्टचा डायोड कशाला, ५० व्होल्टचा चालेल की. सगळं ठीक असेपर्यंत चालेल. पण उलटा लावलेला एकटा डायोड उघडा पडला, की त्या फेरीचं सगळं व्होल्टेज, शिखराला सव्वातीनशे, बाकीच्या तिघांवर आणि एलईडीवर येतं. १००० व्होल्टचे डायोड निदान तेवढं तरी अडवून धरतील.

उष्णतेची चिंता नको. ६० वॅटच्या बल्बावर चार डायोड मिळून अर्ध्या वॅटहूनही कमी तापतात, ९ वॅटवर तर हाताला जाणवणार नाही. दिव्याचा उजेडही डोळ्याला कळण्याइतका कमी होत नाही. फक्त हॅलोजन किंवा गीझरसारखा मोठा लोड या वायरवर नसावा. गच्चीच्या दिव्यावर कोणी हॅलोजन लावेल का, असं म्हणू नका. गणपतीत लावतात.

आता जोडायचं कुठे. टू-वे स्विचला तीन स्क्रू असतात, मधला कॉमन. खालच्या स्विचच्या कॉमनला जी वायर आली आहे ती सोडायची आणि तिच्या आणि कॉमनच्या मध्ये आपली डायोडची जुडी घालायची. फेज खालून आलेली असो की वरून आणि खाली दिव्याकडे जाणारी हाफ वायर असो, कॉमनमधून दिव्याचा पूर्ण करंट जातोच. बाकीच्या दोन स्क्रूंच्या वायर, ज्या वरच्या स्विचकडे जातात, त्यांतल्या एकीत घातलं तर दिवा चालू असूनही निम्म्या वेळा इंडिकेटर बंद राहील. आणि एक गंमत नेहमी होते. त्याच बोर्डात पहिल्या मजल्याच्या दिव्याचाही स्विच असतो आणि वायरमनने फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर लूप मारून नेलेली असते. जुडी लूपच्या आधी लागली तर कोणताही दिवा लावला की लाल लागतो. लूप वेगळी करून फक्त या स्विचच्या वाट्याची वायर जुडीतून न्यायची.

बोर्ड उघडाल तेव्हा एक बघाच. काही जुन्या इमारतींमध्ये टू-वे करताना वायर वाचवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही दोन्ही स्विचना दिलेले असतात आणि कॉमनमधून दिव्याला दोन टोकं जातात. तिथे दिवा बंद असतानाही होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज असू शकते. बल्ब बदलणारा माणूस बटण बंद आहे म्हणून निर्धास्त असतो. तुमच्याकडे तसं निघालं तर इंडिकेटर राहू द्या, आधी ती वायरिंग बदला. तुमच्या बोर्डात न्यूट्रल नाही म्हणता, त्यामुळे बहुधा तसं नसेल. पण 'न्यूट्रल नाही' हे कोणी टेस्टर लावून पाहिलंय की नुसतं सांगितलंय, तेही विचारा.

ज्यांना डायोड-बियोड नको त्यांच्यासाठी एक उलटी युक्ती आहे. वरच्या स्विचकडे जाणाऱ्या त्या दोन वायरींमध्ये साधा निऑन लावायचा. दिवा बंद असताना एका वायरीवर फेज असते, दुसरी वरून बल्बामार्गे न्यूट्रलला टेकलेली असते, त्यामुळे निऑन पेटतो. दिवा लागला की दुसरी वायर हवेत लोंबकळते आणि निऑन विझतो. म्हणजे लाल पेटलाय तर वर अंधार. न्यूट्रल लागत नाही, खर्च काहीच नाही. पण बल्ब उडाला की निऑनही विझतो आणि खालच्या माणसाला वाटतं वर दिवा लख्ख जळतोय. शिवाय एलईडी बल्बमध्ये निऑनमधून गेलेल्या थोड्याशा करंटने आतला कपॅसिटर भरत राहतो आणि बंद दिवा दर काही सेकंदांनी डोळा मारतो. रात्री गच्चीच्या दाराशी हे पाहून घाबरलेला माणूस मी पाहिला आहे. तुम्हाला ही युक्ती मी सुचवणार नाही.

डोळा मारण्याचा प्रकार आपल्या डायोडच्या इंडिकेटरलाही छळतो, जरा वेगळ्या अंगाने. प्रभादेवीच्या एका इमारतीत मी हे बसवलं, संध्याकाळी सगळं ठीक. रात्री सेक्रेटरींचा फोन, "दिवा बंद आहे, पण तुमचा लाल ठिपका पूर्ण विझत नाही." जाऊन पाहिलं तर खरंच, सुईच्या टोकाएवढा लाल. चार-पाच मजले एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेलेल्या वायरी म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर असतो. दिवा बंद असतानाही त्यातून मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा वगैरे करंट सरकत राहतो. जुन्या एलईडीला ते कळलंही नसतं, हाय ब्राइटला कळतं. उपाय सोपा आहे. तीन डायोडच्या त्याच दोन टोकांना १ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. एवढासा करंट त्यातून निघून जातो, त्याच्यावर पाव व्होल्टही पडत नाही आणि एलईडी पूर्ण काळा राहतो. दिवा लागल्यावर हा रेझिस्टर दोनेक मिलिअँपिअर खातो, ते परवडतं. तेव्हापासून मी तो आधीच लावतो.

ज्यांना डोळ्याला फडफड जाणवते त्यांच्यासाठी अजून एक. वरच्या जोडणीत एलईडी सेकंदाला ५० वेळाच पेटतो. समोरून कळत नाही, पण मान झटकन वळवली तर लाल ठिपक्यांची माळ दिसते. ती नको असेल तर धातूच्या चौकोनी डबीतला ब्रिज रेक्टिफायर घ्या. त्याच्या दोन एसी टोकांमधून दिव्याची वायर काढा, प्लस-मायनसमध्ये तेच तीन डायोड प्लसकडून मायनसकडे करंट जाईल असे लावा आणि एलईडीची जोडी त्यांच्यावर. दोन्ही फेऱ्यांत पेटतो. ३५ अँपिअरचा ब्रिज शॉर्टलाही दणकट असतो. जुन्या लाकडी बोर्डात बसतो, भिंतीतल्या पत्र्याच्या डबीत कोंबावा लागतो.

आता ज्याच्यावर मला खरंच जोर द्यायचाय ते. एलईडीवर दोनच व्होल्ट आहेत म्हणून त्याला टॉर्चचा एलईडी समजू नका. ते दोन व्होल्ट त्याच्या दोन पायांमधले आहेत. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने त्याचे दोन्ही पाय २३० व्होल्टवर आहेत. टेस्टर टेकवा, पेटेल. सनमायकाच्या बोर्डाला भोक पाडून एलईडीचं डोकं बाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत. ते डोकं साध्या प्लॅस्टिकचं असतं, इन्सुलेशन म्हणून बनवलेलं नसतं, आणि आपल्याकडे जूनपासून जिन्याखालची भिंत घाम गाळते. एलईडी आत ठेवा, त्याच्यासमोर रेडीमेड इंडिकेटरची लाल टोपी बसवा, जिला मागे स्वतःची प्लॅस्टिकची नळी असते. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) किंवा स्लीव्ह. काळी टेप दोन पावसाळ्यांत सुटते. सगळी जुडी एका छोट्या कनेक्टर पट्टीवर बसवली तर पुढच्या वायरमनला काय आहे ते समजेल, नाही तर तो 'हे काय लावलंय' म्हणून काढून फेकेल. सामायिक मीटरवरचं काम आहे, तेव्हा करणारा परवानाधारक वायरमनच असू द्या. तुम्ही हे उत्तर त्याच्या हातात द्या.

एलईडी मेनपासून पूर्ण सुटा हवा असेल तर ट्रान्सफॉर्मरची पद्धत आहे आणि मला स्वतःला तीच जास्त आवडते. जुन्या रेडिओच्या किंवा टेपच्या अडॅप्टरमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा, २३० ते ६ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. आजचे हलके चार्जर नव्हेत, त्यांच्यात तो नसतो. हा उलटा वापरायचा. ६ व्होल्टची जाड वायरीची बाजू दिव्याच्या सिरीजमध्ये, २३० व्होल्टच्या बाजूला दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे, सोबत १०० ओहम. वेढ्यांचं प्रमाण साधारण ३८ला १, म्हणून ६० वॅटच्या बल्बाचा ०.२६ अँपिअर दुसऱ्या बाजूला ७ मिलिअँपिअर होऊन येतो. ९ वॅटवर १ मिलिअँपिअर मिळतो, मंद पण दिसेल. दिव्याच्या बाजूला व्होल्टेज जवळजवळ पडतच नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. एलईडी उडून ती बाजू उघडी राहिली तर तिथे शेकडो व्होल्ट उभे राहू शकतात, म्हणून ५.१ व्होल्टचे दोन झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर चढू न देणारे डायोड) पाठीला पाठ लावून त्या बाजूवर कायमचे बसवायचे. इथे मात्र १ किलोओहमचा रेझिस्टर लावू नका, तो ९ वॅटच्या दिव्याचा सगळा एक मिलिअँपिअर एकटाच गिळेल.

हा इंडिकेटर काय सांगणार नाही, तेही ऐकून ठेवा. तो करंट सांगतो, उजेड नाही. दाराशी जुनी ट्यूब असेल आणि पट्टीत पॉवर फॅक्टरचा साडेतीन मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ट्यूब मेली तरी तो कपॅसिटर पाव अँपिअर ओढत राहतो आणि खाली लाल लख्ख. स्टार्टर फडफडत असला तरी लाल. काही एलईडी बल्बांतही तोंडाशीच छोटा कपॅसिटर असतो, आतली एलईडीची माळ तुटली तरी तो पाच-सात मिलिअँपिअर घेतो. तिथे लाल मंद होतो, विझत नाही. आणि एका वायरीवर तीन दिवे असतील तर त्यातला एक गेल्याचं तुम्हाला कळणार नाही. रेल्वेवाल्यांना हे चालत नाही, म्हणून सिग्नलच्या प्रत्येक दिव्याच्या करंटवर वेगळी रिले नजर ठेवते. लाल दिवा गेल्याचं तिला कळलं की मागचा सिग्नल लाल धरला जातो. लोकल 'उगाच' थांबलेली असते तेव्हा कधी कधी हेही कारण असतं.

तुमची खरी तक्रार फक्त दिवा रात्रभर जळण्याची असेल तर हे सगळं सोडा आणि वरच्या होल्डरमध्ये मोशन सेन्सरवाला बल्ब लावा. होल्डरला न्यूट्रल आहेच, स्विच मात्र वरच्या होल्डरला लाईट मिळत राहील असे ठेवायचे आणि पुन्हा हलवायचे नाहीत. पण वॉचमनला रात्री खालून 'वर कोणी आहे का' हे कळायला हवं, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून इंडिकेटर हवाच. सेन्सर बल्बाबरोबरही तो छान चालतो. सेन्सर नुसता वाट पाहत असताना फारच थोडा करंट घेतो, बहुतेक वेळा १ किलोओहमच त्याला पचवतो, आणि कोणी दाराशी आलं की खाली लाल पेटतो. तरीही मंद दिसत राहिला तर तो रेझिस्टर ४७० ओहमचा करा.

जुडी आधी दुकानात सिरीज बोर्डावर तपासून घ्यायची, आधी ६० वॅटचा बल्ब लावून, मग ९ वॅटचा. बसवल्यावर बोर्ड बंद करायच्या आधी दोन चाचण्या. एक माणूस फोन घेऊन वर पाठवा, दिवा लावून त्याला बल्ब होल्डरमधून काढायला सांगा. कोरडा हात, पायात चप्पल आणि शिडीवर दुसरा हात भिंतीला नाही. बल्ब निघाला की खालचा लाल विझला पाहिजे. मग मेन बंद करून बल्ब परत लावा, कनेक्टर पट्टीवरून एलईडीचा एक पाय सोडा, मेन चालू करा. वरचा माणूस 'लागला' म्हणाला, की मेन पुन्हा बंद करून पाय आवळा आणि बोर्डाचे स्क्रू लावा.